सहाच्या सहा

तलवाडा, २८ नोव्हेंबर १९९६

दादा,

शरणार्थ. पुण्याहून येऊन आठ दिवस झाले आणि पत्र आज लिहितोय, याचा राग धरू नकोस. गेवराईला उतरलो तर पुढची गाडी निघून गेलती. जीपच्या मागच्या दांडीला धरून तलवाड्यापर्यंत आलो. आल्यापासून दुकानात गर्दी. यंदा कापसावर अळी एवढी पडली आहे की औषधासाठी चकलांब्यापासून लोक येतात. दर पंधरा दिवसांनी नव्या कंपनीचा माणूस मोटारसायकलवर येतो, टोप्या आणि कॅलेंडरं वाटून जातो. अळी काही मरत नाही.

तुझ्या वर्गातली मुलं दुकानावर येऊन विचारतात, सर कधी येणार. नवे मास्तर बीजगणित घाईनं उरकतात म्हणे. मी सांगतो, सर जूनला येतील.

पौर्णिमेला कपिलधारला जाऊन आलो. आईची वारी यंदा पहिल्यांदाच चुकली, म्हणून तिच्या वतीनंही मीच समाधीपुढं डोकं टेकलं. तुझ्या नावानं नारळ वाढवला.

माझं तुझ्याशी जुळलं नाही, याचं मला काय वाटलं ते तुला वेगळं सांगायला नको. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन मी तेवढंच बोलू शकलो आणि चहा आणायला म्हणून खाली गेलो. पण आईचं अर्धं जुळलं, हे काय कमी आहे. डॉक्टर म्हणालेच होते की आईचं अर्धं जुळतंच, कारण मूल अर्धं आईचं असतं. साठी ओलांडली तरी आई अजून दणकट आहे. ती किडनी देते म्हणते तर देऊ दे.

निघताना वैनी म्हणत होत्या की महांतेश भाऊजींचं रक्त परत एकदा मुंबईच्या लॅबला पाठवू. मला वाटतं ते करू नये. उगीच तुला आशा लागेल आणि पुन्हा तेच ऐकावं लागेल. शिवाय ईश्वरीच्या माहेरचे लोकही कुरकुर करत होते, आमची गौरा दोन वर्षांची आहे म्हणून. ते काही मनावर घ्यायचं नाही, पण तुला माहीत असावं.

दुकानातल्या एसटीडीची लाईन बंद पडली आहे. म्हणून फोन करता येत नाही. पत्रच लिहीन.

तुझा महांतेश


तलवाडा, २० डिसेंबर १९९६

दादा,

वैनींचं पत्र मिळालं. तुझा हात थरथरतो म्हणून तू सांगतोस आणि त्या लिहितात, हे वाचून कसंतरी झालं. फळ्यावर तू हातानं काढलेलं वर्तुळ कंपासनं काढल्यासारखं असायचं.

हिमोग्लोबिन पाचावर आलं म्हणून तुला दोन बाटल्या रक्त दिलं, असं वैनींनी लिहिलंय. दिलं ते बरं केलं. चेहऱ्यावर थोडा रंग आला असेल. आईच्या किडलेल्या दाढा काढल्या आणि आता तिचा रक्तदाब खाली यायची वाट बघतात, तेही कळलं. म्हणजे ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी. तोवर कळ काढ.

तू विचारायला लावलंस, महांतेश कावून येत न्हाई. दादा, दुकान सोडून कसा येऊ? गौराला मधे चार दिवस ताप होता. मग ईश्वरीला बरं नव्हतं. जानेवारीत ऑपरेशनला येणारच आहे.

इथं सगळे तुझी चौकशी करतात. काल छबुआत्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, “आरं, दोघंबी माझ्या भावाचीच लेकरं. मग तुझं कावून जुळंना?”

मी तिला समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या पेशीवर निशाण्या असतात. डॉक्टर त्यातल्या सहा बघतात. तीन बापाकडून येतात, तीन आईकडून. पण बापाकडे अशा तीन-तीनच्या दोन जोड्या असतात आणि आईकडेही दोन. कोणत्या लेकराला कोणती जोडी मिळेल ते सांगता येत नाही. सख्ख्या भावांचं सगळं सारखं निघणं चारात एकदाच होतं. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुला लई पाठ झालंय.” आणि उठून गेली.

एक सहज विचारायचं होतं. जहागीरदार डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा माझ्याविषयी काही बोलतात का? वैनींना विचारून कळव.

तुझा महांतेश


तलवाडा, १७ जानेवारी १९९७

दादा,

आज फार लिहीत नाही. रक्ताच्या आता सात बाटल्या झाल्या, असं कळलं. एवढं रक्त चढवणं चांगलं असतं का? मी गेवराईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इलाज नसतो तेव्हा देतातच, पण परक्याचं रक्त शरीराला परकंच असतं, शरीर ते लक्षात ठेवतं. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

आईच्या ऑपरेशनची तीस तारीख ठरली ते बरं झालं. मी सत्तावीसला येतो. एकदा आईची किडनी तुला बसली की सगळं मार्गी लागेल. रोज पूजेला बसलो की तेवढंच मागतो. आईचं नीट होऊ दे, म्हणजे झालं.

जेवण जात नाही. ईश्वरी म्हणते, तुम्ही दादांपेक्षा जास्त वाळलात.

तुझा महांतेश


तलवाडा, १ फेब्रुवारी १९९७

दादा,

हे पत्र तू एकट्यानं वाच. वैनी वाचून दाखवत असतील तर इथंच थांबव. डोळ्यांना त्रास झाला तरी स्वतः वाच.

मंगळवारी मी तिथून कुणाला न सांगता निघून आलो. तुम्ही मला दवाखानाभर शोधलं असेल. आईनं तर खालच्या रस्त्यावरसुद्धा पाहिलं असेल.

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आईचं ऑपरेशन होणार नाही, तेव्हा मी दाराजवळ उभा होतो. शेवटची तपासणी म्हणून तुझं आणि आईचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं आणि तुझ्या रक्तानं आईच्या पेशी मारून टाकल्या. त्या सात बाटल्यांमधल्या कुणाची तरी निशाणी आईच्या, तुझ्यात न उतरलेल्या निशाणीसारखी होती. तुझ्या शरीरानं ती वैरी म्हणून ओळखून ठेवली. आता आईची किडनी बसवली तर ती काही तासांत काळी पडेल. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तरी आईला ते उमगलं नाही. बाकावर बसून ती एकच म्हणत राहिली, “माझंच लेकरू, अन् माझंच त्याला चालंना व्हय?”

जहागीरदार डॉक्टरांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी लघवीला जातो म्हणून जिना उतरलो, रिक्षा केली, शिवाजीनगरला जी गाडी उभी होती तीत बसलो. नगर आलं तरी मी हात काखेत घालून बसलो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, थंडी वाजते का.

दादा, माझं जुळलं होतं. सहाच्या सहा.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, ते तुला आठवत असेल. तुम्हाला वाटलं, लहान भाऊ म्हणून समजावून सांगायला बोलावलं. त्यांनी समोर कागद ठेवला. एका ओळीत तुझ्या सहा निशाण्या, खालच्या ओळीत माझ्या. इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दोन्ही ओळी सारख्या आहेत एवढं दिसत होतं. म्हणाले, चारात एकदा होतं ते तुमच्या घरात झालंय, याहून चांगली किडनी तुमच्या भावाला मिळायची नाही. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, “तुम्हाला मनापासून द्यायची आहे का?”

मला तोंड उघडता येईना. ते थांबले. बरंच थांबले, दादा. मला घाई केली नाही. मग म्हणाले, “ज्याची इच्छा नाही त्याची मी घेत नाही. बाहेर मी एवढंच सांगेन की तुम्ही देण्यासाठी योग्य नाही. कारण कुणालाही सांगणार नाही.”

मी म्हणालो, “सांगा तसं.”

ते तेवढंच बोलले आणि दिलेला शब्द त्यांनी आजपर्यंत पाळला. ‘जुळलं नाही’ हे माझं आहे. बाहेर आल्यावर वैनींनी विचारलं, काय झालं, आणि माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, असू दे, तू तरी काय करणार. त्या दिवसापासून मला तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटते. एसटीडीची लाईन एक दिवसही बंद नव्हती. तुझा आवाज ऐकवणार नाही म्हणून मी फोन केला नाही. ईश्वरीच्या माहेरच्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांना मी काही सांगितलेलंच नाही, ईश्वरीलाही नाही.

मी कशाला भितो, तेही लिहितो. आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू औरंगाबादला कॉलेजात होतास. बरोबर मी होतो, पंधरा वर्षांचा. आत नेण्याआधी त्यांना गळ्यातलं काहीही ठेवता येणार नाही, असं सांगितलं. आप्पांनी जन्मात कधी गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं केलं नव्हतं. त्यांनी चांदीच्या डबीसकट ते काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “सांभाळ. आत्ता येतो.” साधं ऑपरेशन होतं. भुलीतच त्यांचं हृदय थांबलं. कुणाची काही चूक नव्हती, हे मला नंतर तूच समजावलंस. पण मी ती डबी मुठीत धरून बसलो होतो आणि मला वाटत होतं, ती मी घेतली म्हणून हे झालं. तुला हे कधी सांगितलं नाही. डॉक्टरांच्या खोलीत मला तो कागद दिसत नव्हता. गळ्याशी हात नेऊन डबी काढणारे आप्पा दिसत होते.

हे मी स्वतःला वाचवायला सांगतोय, असं तुला वाटेल. वाटू दे. पण डॉक्टर नोव्हेंबरातच म्हणाले होते की आप्पांच्या ज्या तीन निशाण्या तुझ्यात आहेत, त्याच तीन माझ्यात आहेत, आईच्याही त्याच. मी तेव्हाच हो म्हणालो असतो तर आठ-पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं असतं. त्या सात बाटल्यांमधल्या बहुतेक लागल्याच नसत्या. आईच्या दाढा, आईचं बाकावर बसून रडणं, यातलं काही झालं नसतं.

मी येतो. डॉक्टर म्हणतील ते करतो. तू फक्त हो म्हण.

महांतेश


तलवाडा, १३ फेब्रुवारी १९९७

दादा,

तुझं अंतर्देशीय मिळालं. तुझ्या हातचं आहे हे अक्षरावरून ओळखणं कठीण गेलं. तीन ओळी आहेत. ‘पत्र मिळालं. तुझी किडनी मला नको. आईला यातलं काही कळता कामा नये.’ खाली नुसतं केदारनाथ.

मी ते ईश्वरीला वाचायला दिलं. मग आधीचं सगळं सांगितलं. गौरा मांडीवर खेळत होती, तिला तिनं खाली ठेवलं. मग म्हणाली, “माझ्या माहेरच्या नावानं खोटं बोललात. मला इचारलं असतंत तर मी न्हाईच म्हनले असते, तेवढं तुमचं खरं हाय. पर ते मला म्हनू द्यायचं होतं.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गौराचे कपडे पिशवीत भरले. मला वाटलं, माहेरी निघाली. म्हणाली, छबुआत्या दुकानाकडे बघायला तयार आहे, मी विचारून आले, चला पुण्याला.

वैनींशी मी फोनवर बोललो. हो, फोन केला. तू गुरुवारचं डायलिसिस चुकवलंस आणि शुक्रवारी छातीत पाणी भरून तुला दम लागला, हे त्यांनी सांगितलं. त्यांना कारण माहीत नाही. त्यांना वाटतं, आईचं जमलं नाही म्हणून तू हिंमत सोडलीस. मला कारण माहीत आहे. माझ्यावरच्या रागापायी तू मरायला निघालायस, आणि मी खोटं बोललो म्हणून तुझ्या घरातल्या कुणाला ते कळतसुद्धा नाही. मला आजवर ऑपरेशनची भीती वाटत होती. ही त्याहून मोठी आहे. सकाळपासून दोनदा दुकानाचं शटर उघडलं आणि दोनदा लावलं. गिऱ्हाइकाला बियाण्याऐवजी औषधाचा डबा दिला.

तुला माझ्याकडून काही घ्यायचं नाही, हे मी समजू शकतो. मला माफ कर, असं मी म्हणत नाही. आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस. जूनला तू शाळेत जा, मी दुकानात बसेन, रस्त्यात समोरासमोर आलो तर तू तोंड फिरव. पण त्यासाठी तू असायला पाहिजेस. तू गणित शिकवतोस. आपण दोघंच भाऊ. चारात एकदा होणारं झालंय. दुसरीकडून ते कुठून आणशील?

आणि मी घाबरलेला आहे म्हणून माझी नको असेल, तर किडनीला ते कळतं का, हे डॉक्टरांना विचार. मी घाबरलेलाच येणार आहे. न घाबरता यायची वाट बघत बसलो तर उशीर होईल.

सोमवारी निघतो. तू भेटला नाहीस तरी डॉक्टरांना भेटेन.

महांतेश


पुणे, १२ मार्च १९९७

दादा,

तू वरच्या मजल्यावर आहेस आणि मी खालच्या. तरी पत्र लिहितोय, कारण मी वर आलो की तू भिंतीकडे तोंड करतोस. वैनी ही चिठ्ठी तुझ्या उशाशी ठेवतील.

तू सही केलीस, हे त्यांच्याकडूनच कळलं. नुसतं पेन मागितलं, असं म्हणाल्या. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

गेले तीन आठवडे माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. तुझं-माझं रक्त मिसळून पाहिलं, त्या दिवशी मी लॅबच्या दारात सकाळपासून उभा होतो. आईचं झालं तसं माझंही झालं तर, या विचारानं दार उघडलं की आत डोकावत होतो. दुपारी डॉक्टर स्वतः आले आणि म्हणाले, स्वच्छ आहे. जी निशाणी त्याची तीच तुमची, त्याचं रक्त स्वतःवर उलटत नाही तसं तुमच्यावरही उलटत नाही. मला आनंद झाला, पण निव्वळ आनंद नाही. खरं ते सांगतो. मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की उलटावं. म्हणजे मी येऊनही सुटलो असतो. हे तुझ्यापासून लपवून तुला माझी किडनी द्यायची नाही.

डॉक्टरांनी मला पुन्हा एकट्याला बोलावलं. तीच खोली, तीच खुर्ची. विचारलं, कुणी जबरदस्ती केली का. म्हणाले, उद्या टेबलावर झोपल्यावरसुद्धा तुम्ही नाही म्हणू शकता, मी आधी सांगितलं तसंच बाहेर सांगेन. मी म्हणालो, साहेब, मला भीती वाटते. ते म्हणाले, वाटणारच. मी म्हणालो, तरी घ्या.

बरगडीखालून पाठीपर्यंत कापतात. भूल देणाऱ्या बाई येऊन माझं हृदय तपासून गेल्या. मी त्यांना आप्पांचं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. आणखी एक कार्डिओग्राम काढायला लावला आणि तो मला दाखवला. उद्या सकाळी गळ्यातलं लिंग काढून ईश्वरीच्या हातात द्यायचं आहे. मी तिला सांगितलंय की मुठीत धरून बसू नको. देवाच्या फोटोजवळ ठेव आणि चहा पी.

आईला काय सांगितलं गेलं, मला माहीत नाही. ती माझ्याजवळ बसते, डोक्याला तेल लावते, पण आधी का नाही आणि आता कसं काय, हे एकदाही विचारत नाही. तिनं विचारलं तर मी काय सांगू, याचीही भीती आहेच.

मला काही झालं तर गौराला तू शिकव. तेवढं माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी कर.

महांतेश


पुणे, २२ मार्च १९९७

दादा,

मला सोमवारी सोडणार आहेत. तुला अजून तीन महिने इथंच राहायचं आहे, म्हणून निघण्याआधी लिहितो.

शुद्धीवर आलो तेव्हा ईश्वरी म्हणाली, झालं. मला वाटलं मीच झालो, संपलो. मग तिनं सांगितलं की माझी किडनी तुला जोडली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. वैनी खाली येऊन रोज तुझ्या रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा सांगून जातात. अकरा होतं, ते चार झालं, मग दोन, आता एक पूर्णांक तीन. डॉक्टर म्हणाले, सहाच्या सहा असले तरी गोळ्या जन्मभर वेळेवर घ्यायच्या, शरीर कधी उलटेल सांगता येत नाही. म्हणजे आता ही एक भीती कायमची. ती मला चालेल.

काल तू व्हीलचेअरवर दाराशी आलास. मास्क होता म्हणून चेहरा दिसला नाही, नुसते डोळे. मी उठायला गेलो तर तू हातानं थांबवलंस. विचारलंस, “दुखतंय का?”

मी म्हणणार होतो, न्हाई, काही न्हाई. पण म्हणालो, “लई दुखतंय. खोकता येत न्हाई.”

तू म्हणालास, “राग गेला न्हाई माझा.”

मी म्हणालो, “माहीत हाय.”

नर्सनं तुला न्यायला हात लावला तेव्हा तू म्हणालास, दोन मिनिटं थांबा. आणि थांबलास. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

आता खरं लिहायचं ते पुढं आहे. आज सकाळी आई मला मोसंबी सोलून देत होती. सहज बोलावं तशी म्हणाली, तुझा भाऊ लई हट्टी, तुझी पोर लहान म्हणून त्यानं तुला चार महिने अडवून धरलं, जीव जायची पाळी आली तवा कुठं हो म्हनला. मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं. म्हणाली, केदारनंच, ऑपरेशनच्या आधी. मी त्याला लई बोलले.

दादा, तू माझ्याशी बोलत नव्हतास आणि तिकडे माझा दोष आपल्या अंगावर घेऊन आईची बोलणी खात होतास. आईला कळता कामा नये, असं तू लिहिलं होतंस. तुझं मी ऐकायला पाहिजे होतं. पण मला ते पेलवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. कागदावरच्या दोन सारख्या ओळी, डॉक्टरांचा प्रश्न, माझे दोन शब्द. आप्पांची डबीसुद्धा. सांगताना टाके ताणले जात होते, तरी थांबलो नाही.

तिनं मोसंबी ताटलीत ठेवली. हात पदराला पुसले. मला वाटलं ती उठून जाईल. पण तिनं सालं गोळा केली. मग म्हणाली, “भ्यालास व्हय.” मी हो म्हणालो.

नंतर ती जे बोलली ते तिनंच मला लिहायला सांगितलंय. तिला लिहिता येत नाही आणि तुझ्या तोंडावर सांगवत नाही, म्हणून. तिच्या शब्दांत लिहितो.

“केदारला लिव्ह. त्या दिशी डाक्टर म्हनला तुमचं चालत न्हाई, तवा मी बाकावर बसून रडले. समद्यांना वाटलं, लेकरासाठी रडते. लेकरासाठीच रडले. पर त्यात थोडं सुटले म्हनूनबी होतं. मी लई भ्याले होते, बाळा. कुनाला कळू दिलं न्हाई. तू त्याच्यावर जेवढा रागावलास, त्यातला थोडा राग माझ्यावरबी धर. त्याच्या एकट्यावर नको.”

लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, असंच धाड.

महांतेश